कियारीच्या शस्त्रक्रियेसाठी न्यूरोसर्जन निवडताना

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मोठ्या शस्त्रक्रियेसाठी गोव्यातील रुग्णाने बांबोळीलाच, म्हणजे तिथल्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातच (गोमेकॉत), राहावे की मुंबई, बेळगाव, मणिपाल, बंगळूर गाठावे, हा विषय वाचकांच्या पत्रांतून वेळोवेळी पुढे येतो. त्यात बहुधा हृदय, मूत्रपिंड आणि कर्करोग यांचीच चर्चा होते. मेंदू आणि मणका जिथे जुळतात त्या जागेच्या एका आजाराविषयी, म्हणजे कियारी मालफॉर्मेशनविषयी, मराठीत फारसे काही वाचायला मिळत नाही. ज्या घरात हे निदान होते त्या घरातील माणसे एमआरआयचे पाकीट हातात घेऊन "चांगला न्यूरोसर्जन कोण?" हा एकच प्रश्न ओळखीपाळखीत विचारत राहतात. माझ्या धाकट्या बहिणीला हा आजार आहे आणि तिच्यावर शस्त्रक्रिया झालेली आहे. त्यानंतर फोंडा, डिचोली, सांगे या भागांतील काही कुटुंबे चौकशीसाठी आमच्याकडे येऊन गेली. त्या सर्वांना मी जे सांगत आले तेच इथे सविस्तर मांडते. या आजारात सर्जनचे नाव शोधण्याआधी शस्त्रक्रियेचा निर्णय तपासून घ्यावा लागतो, आणि तो निर्णय कशाच्या आधारावर घेतला हे जो सर्जन एमआरआयवर बोट ठेवून, आपल्याला कळेल अशा भाषेत सांगतो, त्याच्याच हाती विश्वासाने मान द्यावी.

आजार काय आहे हे थोडे समजून घेतले नाही तर पुढचे काहीच उलगडत नाही. कवटीच्या तळाशी एक मोठे छिद्र असते आणि त्यातून मेंदू खाली मज्जारज्जूला जोडलेला असतो. लहान मेंदूची सर्वांत खालची दोन टोके, ज्यांना डॉक्टर टॉन्सिल म्हणतात (घशातील टॉन्सिलशी त्यांचा काही संबंध नाही), या छिद्रातून खाली उतरलेली असली की त्याला कियारीचा पहिला प्रकार म्हणतात. प्राग येथील विकृतिशास्त्राचे प्राध्यापक हान्स कियारी यांनी १८९१ मध्ये त्याचे वर्णन केले. दुसरा प्रकार मुख्यतः पाठीचा कणा जन्मतः उघडा राहिलेल्या बाळांत आढळतो; त्याचे उपचार वेगळे असल्याने त्याविषयी मी इथे लिहीत नाही. पहिल्या प्रकारात पुष्कळदा कवटीच्या मागच्या, खालच्या कप्प्यात जागाच अपुरी असते. मेंदू व मज्जारज्जूभोवतीचे पाणी हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्या छिद्रातून खाली-वर होत असते, आणि बाटलीच्या तोंडात बूच बसावे तसे हे टॉन्सिल तिथे बसले की तो प्रवाह अडतो. मग खोकला, शिंक, खळखळून हसणे, घागर उचलणे, शौचाला जोर करणे अशा कोणत्याही कारणाने डोक्यातील दाब क्षणभर वाढला की मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या भागात तीव्र कळ येते. काही रुग्णांत अडलेल्या प्रवाहाचा परिणाम म्हणून मज्जारज्जूच्या आतच पाण्याची पोकळी तयार होते. तिला सिरिंक्स म्हणतात, आणि ती पुढे हात-पाय निकामी करू शकते.

माझ्या बहिणीच्या बाबतीत पहिली खूण स्वयंपाकघरात दिसली. तवा तापलेला असताना तिचा हात कडेला लागला, कातडी भाजून फोड आला, आणि तो फोड तिला दुसऱ्या कोणी दाखवेपर्यंत कळला नव्हता. बोटांना कापडाचा, पिठाचा, सुईचा स्पर्श कळत होता. ऊन-गार आणि दुखणे तेवढे कळत नव्हते. उष्णता आणि वेदना यांचे संदेश नेणारे तंतू मज्जारज्जूच्या मधोमध एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात आणि सिरिंक्स नेमकी तिथेच वाढत असल्याने हे असे होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. त्याआधी मानेचा स्पॉन्डिलोसिस, मायग्रेन, अशक्तपणा, मानसिक ताण ही सगळी निदाने होऊन गेली होती. पट्टा, शेक, मालिश, जीवनसत्त्वाच्या गोळ्या हेही झाले. यात कोणा एका डॉक्टरला दोष देण्याचा माझा हेतू नाही, कारण हे सगळे आजार कियारीपेक्षा कितीतरी अधिक आढळतात. परंतु खोकल्यावर काही सेकंद डोक्याच्या मागे फुटल्यासारखे दुखणे, भाजलेले न कळणे, पाणी पिताना वारंवार ठसका लागणे, झोपेत श्वास अडखळणे, अंधारात चालताना तोल जाणे किंवा वाढत्या वयातील मुलाचा कणा एका बाजूला वाकत जाणे, यांपैकी काही दिसत असेल तर मालिशवाल्याकडे मान फिरवून घेण्याआधी एमआरआय करून घ्यावा, एवढे मी आग्रहाने सांगेन. या आजारात मानेला झटका देणे धोक्याचे ठरू शकते.

आता एमआरआयविषयी. टॉन्सिल छिद्राच्या पातळीखाली ५ मिलिमीटर किंवा अधिक उतरलेले असले की रेडिओलॉजिस्ट रिपोर्टात कियारी असे लिहितो. हा आकडा मोजण्याची सोय म्हणून रूढ झालेला आहे. शस्त्रक्रिया करायची की नाही हे त्यावरून ठरत नाही. इतर काही कारणाने डोक्याचा एमआरआय काढलेल्या माणसांत शंभरातील सुमारे एकाला असे उतरलेले टॉन्सिल सापडतात आणि त्यांतील पुष्कळांना त्याचा काहीही त्रास नसतो. उलट कमी उतरलेले टॉन्सिल असलेल्या एखाद्याला मोठी सिरिंक्स असू शकते. त्यामुळे त्रास नाही, सिरिंक्स नाही, तपासणीत मज्जातंतूंचा बिघाड नाही, अशा रुग्णाला बहुतेक जाणते सर्जन काही काळाने पुन्हा तपासणी करण्याचा सल्ला देऊन घरी पाठवतात. शस्त्रक्रिया न करण्याचा सल्ला देणाऱ्या सर्जनला आपल्याकडे अनेकदा "त्याला जमत नसेल" असे म्हटले जाते. हे बोलणे अन्यायाचे आहे.

गोव्याबाहेरच्या एका खासगी रुग्णालयात आम्हाला याच्या उलट अनुभव आला. तेथील सर्जनने रिपोर्टातील मिलिमीटरचा आकडा वाचला, खाट रिकामी आहे, आजच भरती व्हा, उशीर केलात तर अर्धांगवायू होईल असे सांगितले, आणि पैसे भरण्याच्या खिडकीकडे बोट दाखवले. बहिणीच्या हाताला त्यांनी स्पर्शही केला नाही. संपूर्ण पाठीचा एमआरआय झालेला नव्हता, तो त्यांनी मागितलाही नाही. सिरिंक्स वेगाने वाढत असेल, गिळणे किंवा श्वास बिघडत असेल, तर घाई खरोखरच असते, हे मी मान्य करते. परंतु ती घाई कोणत्या लक्षणामुळे आहे, एवढे तरी रुग्णाला सांगायला हवे. ज्या घरातील माणसे रात्रभर रेल्वेत बसून आलेली असतात, ज्यांनी उधार-उसनवार करून पैसे जमवलेले असतात, ती "अर्धांगवायू" हा शब्द ऐकल्यावर सही करतात. आम्ही सही केली नाही, याचे श्रेय आमच्यासोबत आलेल्या एका नातेवाईक परिचारिकेला जाते.

पुढे ज्या सर्जनकडे शस्त्रक्रिया झाली त्यांची तपासणी मला जशीच्या तशी आठवते, आणि ती इथे सांगणे उपयोगाचे ठरेल असे वाटते. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि सीडी स्वतः संगणकावर लावली. बहिणीला डोके दुखते तेव्हा बोट नेमके कुठे ठेवावेसे वाटते, दुखणे खोकल्यानंतर लगेच येते की उशिरा, आणि किती वेळ टिकते, हे विचारले. उभे राहिल्यावर दुखते आणि आडवे झाल्यावर थांबते असे होते का, हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. त्याचे कारण नंतर सांगितले. कण्यातून पाणी कुठेतरी गळत असेल तर मेंदू खाली ओढला जाऊन एमआरआयवर कियारीसारखेच चित्र दिसते, आणि अशा रुग्णावर कियारीची शस्त्रक्रिया केली तर तो बरा होण्याऐवजी अधिक बिघडू शकतो. त्याचप्रमाणे डोक्यातील दाब अन्य कारणाने वाढला असेल, पाणी साठले असेल किंवा गाठ असेल, तर आधी त्यावर इलाज करावा लागतो. मग त्यांनी दोन काचेच्या नळ्यांत गरम आणि थंड पाणी भरून ते तिच्या दंडापासून बोटांपर्यंत आणि खांद्यांवर लावून पाहिले, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग दोन्ही हातांवर दाबून तुलना केली, डोळ्यांनी बोटाकडे बघत खाली नजर न्यायला सांगितली, आणि टाचेला बोटे लावून सरळ रेषेत चालवले. शेवटी घोरण्याविषयी आणि ठसक्याविषयी तिच्याशी न बोलता माझ्याशी बोलले, कारण झोपेतले स्वतःचे स्वतःला कळत नाही. हे सगळे ओपीडीच्या गर्दीत झाले. त्यासाठी मोठी इमारत लागली नाही.

त्यानंतर त्यांनी मेंदूचा आणि संपूर्ण मज्जारज्जूचा एमआरआय, पाण्याचा प्रवाह दाखवणारा सिने एमआरआय, कवटी व पहिले दोन मणके यांच्या जोडाचा सीटी स्कॅन आणि मान पुढे-मागे वाकवून काढलेले एक्स-रे मागवले. या शेवटच्या दोन तपासण्यांना फार महत्त्व आहे. आपल्या देशात कियारीबरोबरच पहिला मणका कवटीला जन्मतः चिकटलेला असणे, दुसऱ्या मणक्याचे टोक वर कवटीत घुसलेले असणे किंवा पहिले दोन मणके एकमेकांवरून सरकणे असे दोष अनेक रुग्णांत आढळतात. सांधा सरकत असताना केवळ मागचे हाड काढून जागा मोकळी केली तर अस्थिरता वाढू शकते. म्हणून माझ्या मते सर्जनला विचारायचा पहिला प्रश्न असा आहे: "माझ्या पहिल्या दोन मणक्यांचा सांधा स्थिर आहे, हे तुम्ही कशावरून ठरवले?" या प्रश्नाचे उत्तर देताना जो सर्जन चित्र उघडून दाखवतो, त्याच्याशी पुढचे बोलणे करावे. जो त्रासतो, त्याच्याकडून उठून यावे.

शस्त्रक्रिया कोणती, हा दुसरा प्रश्न. सर्वसाधारणपणे जी केली जाते तिला डेकम्प्रेशन म्हणतात. रुग्णाला पालथे झोपवून मानेच्या मागे छेद घेतात, छिद्राच्या मागच्या कडेचे थोडे हाड काढतात आणि पहिल्या मणक्याची मागची कमान काढून टाकतात. इथपर्यंत बहुतेकांचे एकमत आहे. त्यानंतर मेंदूभोवतीचे जाड आवरण, म्हणजे ड्यूरा, उघडायचे की नाही, यावर जगभरातील सर्जनांत मतभेद आहेत. ड्यूरा उघडून त्यात रुग्णाच्याच कवटीवरील पडद्याचा किंवा तयार पदार्थाचा तुकडा शिवला तर जागा अधिक मिळते आणि सिरिंक्स असलेल्यांत त्याचा फायदा अधिक दिसतो. मात्र पाण्याची गळती, जखमेखाली पाण्याची पिशवी तयार होणे आणि जंतूंविना होणारा मेनिन्जायटिस (मेंदूच्या आवरणांचा दाह) यांचा धोका वाढतो. ड्यूरा न उघडल्यास हे धोके कमी होतात, पण पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता वाढते. काही सर्जन टॉन्सिलची टोकेही आकसवतात. आपला सर्जन यांतले काय करणार आहे, आणि आपल्याच बाबतीत का, हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

याहून मोठा मतभेद मुंबईतच सुरू झालेला आहे आणि गोव्याचे रुग्ण मुंबईला जात असल्यामुळे तो इथे सांगणे भाग आहे. के.ई.एम. रुग्णालयात दीर्घकाळ काम केलेले न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल यांनी २०१५ मध्ये ६५ रुग्णांच्या अनुभवावरून असे मांडले की, कियारीचे मूळ पहिल्या दोन मणक्यांच्या अस्थिरतेत आहे, आणि म्हणून हाड काढून जागा करण्याऐवजी ते दोन मणके स्क्रूने पक्के करावेत. कवटी आणि मानेच्या सांध्यावरील शस्त्रक्रियेत त्यांचे नाव जगभर घेतले जाते. तरीही ज्या रुग्णाच्या तपासणीत सांधा सरकताना दिसत नाही त्यालाही स्क्रू बसवावेत, हे मत इतर अनेक सर्जनांना मान्य नाही, कारण मणके पक्के केले की मान वळवण्याची क्षमता कायमची बरीच कमी होते. कोण बरोबर, हे ठरवण्याचा अधिकार माझ्यासारखीला नाही. मला एवढेच सांगायचे आहे की, एकाच एमआरआयवर एक सर्जन "हाड काढू" म्हणतो आणि दुसरा "स्क्रू बसवू" म्हणतो तेव्हा घरच्यांनी घाबरून जाऊ नये आणि दोघांपैकी एक खोटे बोलत आहे असेही समजू नये. दोघांनाही दुसऱ्याचे मत सांगावे आणि त्यावर त्यांचे म्हणणे विचारावे. प्रामाणिक सर्जन दुसऱ्या पद्धतीची बाजूही नीट मांडू शकतो, आणि सर्जन ओळखण्याची याहून चांगली कसोटी मला तरी सापडली नाही.

अनुभवाविषयी विचारताना आपण फार संकोच करतो. एम.सीएच. किंवा समकक्ष पदवी ही न्यूरोसर्जन होण्याची किमान पात्रता झाली. मेंदूतील गाठी, अपघातातील रक्तस्राव, कमरेची चकती यांत निष्णात असलेल्या सर्जनने कियारीच्या शस्त्रक्रिया क्वचितच केलेल्या असू शकतात, आणि त्यात त्याचा काही कमीपणा नाही. वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, त्यांतील किती रुग्णांना पाण्याची गळती झाली, किती जणांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, प्रत्यक्ष हात कोणाचा असेल, तुमचा की शिकाऊ डॉक्टरांचा, हे सरळ विचारावे. "आमच्याकडे कधीच गळती होत नाही" हे उत्तर मिळाले तर सावध व्हावे, कारण ड्यूरा उघडणाऱ्या कोणत्याही सर्जनच्या वाट्याला ती कधी ना कधी येतेच. रुग्ण मूल असेल तर लहान मुलांच्या मेंदूच्या शस्त्रक्रिया नियमित करणारा सर्जन आणि मुलांना भूल देण्याची सवय असलेला भूलतज्ज्ञ हवा.

अपेक्षा काय ठेवायची, हेही सर्जननेच आधी सांगायला हवे. खोकल्यावर येणारी डोकेदुखी बऱ्याच जणांत जाते किंवा पुष्कळ कमी होते. दिवसभर रेंगाळणारी, कपाळावरची, मायग्रेनसारखी डोकेदुखी जाईलच असे नाही. सिरिंक्स लहान व्हायला कित्येक महिने लागतात आणि ती काही रुग्णांत राहतेही. सुकलेला हात आणि बधिर झालेली बोटे पूर्ववत होण्याची खात्री नसते. शस्त्रक्रियेचा मोठा उद्देश पुढची हानी थांबवणे हा असतो. आमच्या सर्जनने हे माझ्या बहिणीला स्पष्ट सांगितले होते. आज तिची ती डोकेदुखी गेलेली आहे आणि उजव्या हाताच्या बोटांना ऊन-गार अजूनही कळत नाही. आधी सांगितलेले असल्यामुळे तिने ते स्वीकारले आणि स्वयंपाक करताना ती डाव्या हाताने अंदाज घेते.

गोव्यातील रुग्णासाठी एक प्रश्न मुंबईकराला पडणार नाही असा आहे. शस्त्रक्रियेनंतर आपल्याला कोण बघणार? पाण्याची गळती, जखमेची सूज, ताप, मान आखडणे हे त्रास रुग्णालयातून घरी सोडल्यानंतर काही दिवसांनी, क्वचित काही आठवड्यांनीही सुरू होऊ शकतात. त्या वेळी सर्जन मुंबईत असतो आणि रुग्ण काणकोणात किंवा वाळपईत. जखमेतून पाण्यासारखा स्राव येऊ लागला तर कोकण रेल्वेचे आरक्षण मिळण्याची वाट पाहता येत नाही. रुग्ण शेवटी गोमेकॉच्या अपघात विभागातच येतो. तिथल्या डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया केलेली नसते, ड्यूरा उघडला होता की नाही, तुकडा कशाचा शिवला, हे त्यांना ठाऊक नसते, आणि कित्येकदा रुग्णाच्या हातात एका पानाच्या डिस्चार्ज कार्डाखेरीज काहीच नसते. म्हणून बाहेर जायचे ठरवले तरी आधी बांबोळीच्या न्यूरोसर्जरी विभागात दाखवून केसपेपर काढून ठेवावा, शस्त्रक्रियेची सविस्तर टिपणी आणि पुढच्या डॉक्टरांच्या नावे पत्र मागून घ्यावे, आणि घरी यायची घाई न करता काही दिवस त्याच शहरात राहण्याचा खर्च हिशेबात धरावा. बाहेरच्या सर्जनने "तिथल्या डॉक्टरांनी मला केव्हाही फोन करावा" असे सांगितले तर ती फार मोलाची गोष्ट आहे. दोन सर्जन सारखेच जाणकार वाटत असतील तर जो जवळ आहे तो निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. १८४२ पासून वैद्यकीय शिक्षणाची परंपरा असलेल्या गोव्यात, जिथे सिंधुदुर्गातील रुग्णही आशेने येतात, तिथे बांबोळीला न दाखवताच गाडीत बसणे मला योग्य वाटत नाही. तिथला सर्जन स्वतःच "हे अमुक संस्थेत करून घ्या" असे म्हणाला, तर त्या सल्ल्यालाही वजन असते.

पैशांबद्दल थोडेच लिहिते. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ठरवलेले आहे. सरकारी रुग्णालयात न होणाऱ्या उपचारांसाठी आरोग्य खात्याची मेडिक्लेम योजना वेगळी आहे. आपली शस्त्रक्रिया, स्क्रू आणि ड्यूराचा तुकडा धरून, यांपैकी कशात बसते हे भरती होण्याआधी लेखी विचारावे. योजनेच्या यादीत रुग्णालय आहे, एवढ्याच कारणाने तिथला सर्जन निवडू नये.

दुसरे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि त्यासाठी पहिल्या डॉक्टरची परवानगी लागत नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत त्याची कागदपत्रे द्यावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात असे स्पष्ट केले की, उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय पुरेसे सांगून घेतलेली संमती हीच खरी संमती, आणि एका शस्त्रक्रियेला दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही. कियारीच्या रुग्णाला याचा थेट उपयोग आहे: संमतीपत्रावर केवळ "मेंदूची शस्त्रक्रिया" असे लिहिलेले असेल तर ड्यूरा उघडणार की नाही आणि स्क्रू बसवणार की नाही, हे त्यावर लिहून घेतल्याखेरीज सही करू नये.

शेवटी, आपल्या दैनिकाद्वारे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे आणि आरोग्य खात्याकडे माझ्या दोन मागण्या आहेत. कवटी आणि मान यांच्या सांध्यावरील किती शस्त्रक्रिया बांबोळीत दरवर्षी होतात, त्यांत कियारीच्या किती, आणि किती रुग्णांना त्याच कारणासाठी पुन्हा भरती करावे लागले, हे आकडे रुग्णांची नावे न देता विभागाने दरवर्षी जाहीर करावेत. तसेच गोव्याबाहेर मेंदू किंवा मणक्याची शस्त्रक्रिया करून आलेल्या रुग्णांसाठी न्यूरोसर्जरीच्या ओपीडीत आठवड्यातला एक ठरावीक दिवस ठेवावा, म्हणजे जखम दाखवण्यासाठी आणि पुढचा एमआरआय केव्हा काढायचा हे विचारण्यासाठी त्यांना अपघात विभागातून आत शिरावे लागणार नाही. बहिणीच्या खासगीपणासाठी माझे नाव न छापता हे पत्र प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक,
फोंडा, गोवा